शेतात लपविलेली ठेव कुणाची?



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एक फार छोटा दाखला सांगतात. शेतात लपविलेली ठेव एका माणसाला सापडते. तो ती पुन्हा तिथेच लपवितो, आनंदाने घरी जातो, होते-नव्हते ते विकतो आणि ते शेत विकत घेतो. मत्तयने हा दाखला एका वाक्यात संपविला आहे. आपण तो लहानपणापासून ऐकत आलो आहोत. स्वर्गाचे राज्य इतके मोलाचे आहे की त्यापुढे बाकी सारे सोडावे, हा त्याचा अर्थ आपल्याला पाठ आहे, आणि तो खराही आहे.

पण या वाक्यात एक गोष्ट सहसा आपल्या नजरेतून निसटते. तो माणूस ठेव उचलून सरळ घरी का नेत नाही? शेतात त्या वेळी दुसरे कुणी नाही. रात्री कंदील घेऊन यावे, गाठोडे बांधावे आणि निघावे. तरीही तो आधी शेत विकत घेतो. ठेव सापडणे आणि ठेव आपली होणे यांच्यामध्ये त्याला काहीतरी अंतर दिसते. त्या अंतराविषयी आज थोडा विचार करू या.

हा विषय घेण्याचे कारणही सांगतो. आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबांना अलीकडे एक चांगला छंद लागला आहे. रविवारची मिस्सा आटोपली की आई-वडील मुलांना घेऊन बाहेर पडतात आणि मोबाइलवरील नकाशाच्या आधाराने 'खजिना' शोधतात. जगभर या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. २ मे २००० रोजी अमेरिकेच्या सरकारने उपग्रहांच्या जीपीएस संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसालाही आपली जागा काही मीटरच्या फरकाने अचूक कळू लागली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली, तिच्यात काही किरकोळ वस्तू व एक वही ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तिथून हा खेळ सुरू झाला. त्याचे नियम सोपे आहेत. डबा सापडला की वहीत नाव लिहावे आणि डबा जसा होता तसाच परत ठेवावा. आतील एखादी वस्तू घेतली, तर तिच्या तोडीची किंवा तिच्याहून चांगली वस्तू बदली ठेवावी. काही ठिकाणी डबाच नसतो. तिथे जाऊन, पाहून एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते. आपल्या कुटुंबांनी हा दुसरा प्रकार जास्त उचलला आहे. वडील कोडी तयार करतात: किल्ल्यातील अमुक चर्चमध्ये जमिनीवरच्या थडग्याच्या शिळेत कोणते साल कोरले आहे? सोपाऱ्याच्या स्तूपाला गावातले जुने लोक काय म्हणत? मुले धावतात, शोधतात, वाचतात. टीव्हीपुढे लोळण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

अशाच एका कुटुंबातल्या मुलाने मला विचारले, "फादर, खेळातला डबा परत ठेवायचा असतो. पण खरंच काही जुनं सापडलं तर ते कुणाचं?" त्याचे वडील हसून म्हणाले, "सापडलं तर कोण सोडणार?" आई लगेच म्हणाली, "दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात नको हं." एका मिनिटात त्या घरात नीतिशास्त्रातला एक जुना वाद सुरू झाला होता. मुलाला मिळायला हवे ते उत्तर मात्र दोघांच्याही वाक्यात पूर्ण नव्हते.

हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही, कारण आपण ज्या मातीवर राहतो ती साधी नाही. तुळिंज रोडवरून गर्दीतून वाट काढताना आपल्याला हे जाणवत नाही, पण रुळांच्या पलीकडे, पश्चिमेला, भारतातील एक अतिप्राचीन बंदर होते. जुन्या ग्रंथांतले शूर्पारक ते हेच सोपारे. पहिल्या शतकातील ग्रीक खलाशांच्या पुस्तकातही त्याचे नाव आहे. नाळे आणि सोपारे या दोन गावांची नावे जोडून आपल्या स्टेशनचे नाव झाले आहे.

त्या सोपाऱ्यात एक मातीचा उंचवटा होता. लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ सालच्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. हे मूळचे जुनागढचे. त्यांचे शिक्षण कुठल्या विद्यापीठात झाले नव्हते, पण जुने शिलालेख वाचण्यात त्यांच्या तोडीचे विद्वान थोडे होते. उंचवट्याच्या पोटात विटांची एक लहान खोली निघाली. तिच्यात दगडाची मोठी गोल पेटी होती. पेटीत मधोमध तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या ब्राँझच्या आठ लहान मूर्ती होत्या. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडा होता. सोन्याच्या करंड्यात सोन्याची फुले होती आणि त्या फुलांबरोबर मातीच्या एका भांड्याच्या ठिकऱ्या होत्या. त्या भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राच्या असाव्यात असे पंडितजींनी मानले. आज हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे.

थोडे थांबून हे चित्र डोळ्यांपुढे आणा. दगड, तांबे, चांदी, दगड, स्फटिक, सोने, आणि सर्वांत आत माती. चोर आला असता तर त्याने सोने उचलले असते आणि ठिकऱ्या फेकून दिल्या असत्या. ज्यांनी ही पेटी पुरली त्यांच्या लेखी मात्र सोने हे नुसते वेष्टन होते, ठेव म्हणजे ती माती होती. संत पौल करिंथकरांना लिहिताना म्हणतात की आपली संपत्ती मातीच्या भांड्यांत ठेवलेली आहे. सोपाऱ्याच्या बौद्ध भाविकांनी मातीच सोन्यात ठेवली. शब्द उलटे दिसतात, पण दोन्हीकडे एक समजूत सारखी आहे: वस्तूचे मोल ती कशाची बनली आहे यावर ठरत नाही, ती कुणाच्या हातातून आली यावर ठरते. आपण संतांचे अवशेष वेदीत ठेवतो ते याच समजुतीने.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू या. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांच्या ग्रंथात आम्हाला हाच प्रश्न भेटला होता. चोरी म्हणजे काय, हे सांगताना त्यांनी सापडलेल्या वस्तूंचे तीन प्रकार केले आहेत. समुद्रकिनाऱ्यावरचे खडे-शिंपले कधी कुणाचे नव्हतेच. ते ज्याला मिळाले त्याचे. दुसरा प्रकार फार पूर्वी पुरलेल्या धनाचा. त्याचा मालक आता उरलेला नाही, म्हणून त्यावर सापडणाऱ्याचा हक्क पोहोचतो. पण जमीन दुसऱ्याची असेल, तर देशाच्या कायद्याप्रमाणे अर्धा वाटा जमीनमालकाला द्यावा लागतो. इथे संत थॉमस आपल्या दाखल्याचे उदाहरण देतात: म्हणूनच त्या माणसाने आधी शेत विकत घेतले, म्हणजे साऱ्या ठेवीवर त्याचा न्याय्य हक्क झाला. तिसरा प्रकार नुकत्याच हरवलेल्या वस्तूंचा. मालकाला परत देण्याच्या इराद्याने वस्तू उचलली तर ती चोरी नाही. आपल्याकडे ठेवण्याच्या इराद्याने उचलली तर ती चोरी आहे. हात एकच, उचलणेही एकच. फरक मनातला.

आपल्या देशाचा कायदाही याच वाटेने जातो. १८७८ सालचा गुप्तनिधीचा कायदा सांगतो की जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविले पाहिजे. कुणी मालक पुढे आला नाही आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला व एक चतुर्थांश जमीनमालकाला, अशी वाटणी कायद्यात आहे. सरकारला ती वस्तू मोबदला देऊन ताब्यात घेता येते. माहिती दडविणाऱ्याचा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. पुढे १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या खरेदी-विक्रीवर बंधने घातली. वसईचा किल्ला आणि सोपाऱ्याचा स्तूप ही तर संरक्षित स्मारके आहेत. तिथे परवानगीवाचून खणणे हाच गुन्हा आहे, मग हातात कुदळ असो वा धातुशोधक यंत्र.

म्हणजे आईचे म्हणणे बरोबर ठरले का? बव्हंशी होय. पण प्रश्न इथे संपत नाही. संत थॉमस काय किंवा १८७८ चा कायदा काय, दोघेही ठेवीकडे धन म्हणून पाहतात. धनाची वाटणी करता येते. खापराच्या तुकड्याची कशी करणार? बाजारात त्याला दहा पैसेही येणार नाहीत. त्याचे सारे मोल तो जिथे पडला होता त्या जागेत असते. कुठल्या थरात होता, शेजारी काय होते, किती खोल होता, यावरून जाणकार सांगू शकतो की इथे कधी कोण राहत होते. तो तुकडा उचलून खिशात घातला की एका क्षणात तो मुका होतो. घरातल्या कपाटात तो 'काहीतरी जुने' म्हणून पडून राहतो आणि आपल्या नातवंडांच्या हातून कचऱ्यात जातो. मग नुकसान कुणाचे झाले? जमीनमालकाचे नाही, सरकारचेही फारसे नाही. जे अजून जन्मले नाहीत त्या आपल्या शेजाऱ्यांचे झाले. सातवी आज्ञा त्यांनाही लागू आहे. ज्याला अजून तोंड नाही, जो कधी तक्रार करायला येणार नाही, त्याचे घेणे ही सर्वांत सोपी चोरी असते. म्हणून तिच्याबद्दल आपण जास्त सावध असले पाहिजे.

यावर वडिलांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कुणी म्हणेल, "फादर, मी नाही उचलले तर उद्या जेसीबी उचलणार आहे. आमच्या डोळ्यांदेखत तळी बुजली, बांध गेले, टेकड्यांची माती ट्रकांतून गेली. एका खापराचे काय घेऊन बसलात?" हे खरे आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या भागात इतक्या वेगाने घरे उभी राहिली की कुणाला खाली वाकून पाहायला वेळ नव्हता. पण दुसरा नासधूस करतो म्हणून माझ्या उचलण्याला हक्काचे रूप येत नाही. पूर येऊन गावातले सामान वाहत असेल, तर ते पकडून वाचविणे हे कर्तव्य आहे आणि पकडलेले सामान आपल्या माडीवर नेणे ही चोरी आहे. खरोखरच यंत्र समोर उभे असेल तर वस्तू जरूर वाचवा. पण त्याआधी फोटो काढा, जागा लिहून ठेवा, दोन माणसांना साक्षीला घ्या आणि ती योग्य अधिकाऱ्यांच्या हवाली करा. यंत्र समोर नसेल तर हात लावू नका. फोटो काढा, जागा टिपा, कळवा. कळवूनही कधी काही होत नाही, हा अनुभव अनेकांना असेल. तरीही आपण कळविले होते, ही साक्ष उरते. पुढच्या माणसाला तीच वाट दाखविते.

इतिहास शोधण्याच्या छंदात आणखी एक कसोटी आहे. आपल्याला हवे तेच सापडेल याची हमी नसते. मुलांना किल्ल्यात नेताना आपण अभिमानाने सांगतो की वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. सांगितलेच पाहिजे. पण त्याच पोर्तुगीज अमलात या भागातील मंदिरे पाडली गेली, हेही त्याच मातीत आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि चर्चमधल्या घंटा मराठे सरदारांनी देशावर नेल्या. भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. आपल्यापैकी कुणी सहलीला गेले की त्या घंटा पाहून त्यांच्या मनात कालवाकालव होते. "आमच्या आहेत त्या!" असे ओठांवर येते. मला विचाराल तर त्या घंटा प्रार्थनेसाठी ओतल्या होत्या आणि आजही प्रार्थनेसाठी वाजत आहेत. अडीचशेहून अधिक वर्षे ज्यांनी त्या सांभाळल्या त्यांचेही त्यांच्याशी नाते जडले आहे. आपण तिथे मुलांना जरूर न्यावे, घंटेवरची अक्षरे दाखवावीत आणि दोन्ही बाजूंची गोष्ट सांगावी: कुणी काय पाडले, कुणी काय नेले आणि कुणी काय जपले. फक्त आपल्या सोयीचे सापडले की थांबणारा माणूस इतिहास शोधत नसतो, तो आरसा शोधत असतो.

आता पुन्हा त्या दाखल्याकडे येऊ. त्या माणसाला ठेव हवी होती, पण विकत घेतले शेत. शेत म्हणजे काय, हे शेतकऱ्याला विचारा. त्यात दगड असतात, तण असते, बांधावरून शेजाऱ्याशी भांडण असते, सारा भरायचा असतो. तेही सारे त्याने घेतले. ठेव तेवढी काढून घेऊन शेत दुसऱ्याच्या गळ्यात ठेवण्याचा मार्ग त्याला मोकळा होता, पण त्याने तो स्वीकारला नाही. माझ्या मते दाखल्यातला आपल्यासाठीचा बोध इथे आहे. देवाचे राज्य जगातून उपटून आपल्या खोलीत नेता येत नाही. ज्या मातीत ते लपलेले आहे त्या मातीची जबाबदारी घ्यावी लागते.

तुळिंजमध्ये हा बोध फार जवळून लागतो. आपल्यापैकी बहुतेक जण इथले मूळचे नाहीत. कुणी मुंबईच्या चाळीतून आले, कुणी वसईच्या गावांतून, कुणी मंगळूरहून, गोव्याहून, तर कुणी विदर्भ-मराठवाड्यातून. परवडणारी एक खोली मिळाली म्हणून आपण आलो. पुष्कळांनी आपल्या परीने होते-नव्हते ते विकूनच हे 'शेत' घेतले आहे. आणि शेत कुणाचे आहे याची चौकशी न करता विकणाऱ्यांनी काय केले, तेही आपण पाहिले. २०२५ च्या सुरुवातीला उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नालासोपारा पूर्वेतील ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या. सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर त्या उभ्या होत्या. बांधणारे पैसे घेऊन केव्हाच निघून गेले होते. रस्त्यावर आली ती घर घेणारी कुटुंबे. जमिनीतली ठेव तेवढी काढायची आणि शेताची जबाबदारी घ्यायची नाही, याची किंमत शेवटी गरिबाने मोजली. म्हणून "सापडले ते माझे" हे वाक्य मुलाच्या तोंडी ऐकले की हसून सोडून देऊ नका. त्याच वाक्याच्या मोठ्या आवृत्त्या आपल्या भोवती इमारती होऊन उभ्या राहिल्या आणि कोसळल्या.

काही जण म्हणतात, "आम्ही बाहेरचे. इथल्या इतिहासाशी आमचे काय नाते?" त्यांना मी एका धर्मगुरूंची गोष्ट सांगतो. पोर्तुगीजांच्या हाती वसई आली १५३४ साली. त्याच्याही दोनशे तेरा वर्षे आधी, १३२१ साली, जॉर्डानस नावाचे फ्रेंच डॉमिनिकन धर्मगुरू चार फ्रान्सिस्कन संन्याशांबरोबर ठाण्याच्या किनाऱ्याला लागले. जॉर्डानस सोपाऱ्याला गेले असतानाच एप्रिल महिन्यात ठाण्यात त्या चौघांना मरण आले. त्यांनी परत येऊन आपल्या सोबत्यांचे देह सोपाऱ्याला आणले आणि इथल्या चर्चमध्ये पुरले. त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की ठाणे आणि सोपारे यांच्या दरम्यान पस्तीस जणांना स्नानसंस्कार दिला. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी या वाटेवर एक परका, एकटा पडलेला धर्मगुरू चालत होता आणि त्याला इथे आपली माणसे मिळाली होती. पुढे त्या हुतात्म्यांच्या अस्थी ओदोरिक नावाच्या संन्याशाने चीनला नेल्या. ते चर्च आज उभे नाही. दाखविण्यासारखे, खिशात घालण्यासारखे काही उरले नाही. उरले आहे ते पत्र, म्हणजे कुणीतरी वेळेवर लिहून ठेवलेली आठवण. त्या वाटेवरचा पहिला माणूसही बाहेरचाच होता. त्याने आपल्या मेलेल्यांना इथे पुरले, इथल्या लोकांना नावाने ओळखले आणि ही भूमी त्याची झाली.

शेवटी छंदाकडे येतो. सोपाऱ्याच्या भातेले तलावाजवळ १८८२ सालीच सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा एक तुकडा सापडला. तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. १९५६ साली आपल्या भुईगावला नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला. आठव्या लेखाचा विषय ऐकून मुलांना गंमत वाटेल. तो सहलींविषयी आहे! पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी सहलीला जात, असे त्यात सांगितले आहे. अशोकाने त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या. त्या यात्रांत तो श्रमण-ब्राह्मणांना भेटे, दान देई, वृद्धांच्या भेटीला जाई, गावोगावच्या लोकांत बसे आणि धर्माविषयी बोलत असे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावच्या दगडावर हे कोरले गेले होते. सहल सोडू नका, तिचे कारण बदला, असा त्याचा आशय. आपल्या कुटुंबांचा छंद धर्मयात्रा व्हायला फार दूर नाही.

योगायोग असा की जुलैचा चौथा रविवार ख्रिस्तसभा आजी-आजोबा व वृद्ध यांचा दिवस म्हणून पाळते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली ही प्रथा सुरू केली. या पावसाळ्यात खजिना शोधायला निघालेल्या मुलांसाठी मी एक कोडे ठेवतो. तुळिंजमध्ये इमारती होण्याआधीपासून राहणारी एक वृद्ध व्यक्ती शोधून काढा. ती कुठल्याही धर्माची, जातीची असो. तिला विचारा: इथली विहीर कुठे होती? शेतांना, पाणवठ्यांना काय नावे होती? पावसात पाणी कुठून कसे वाहून जाई? कोणती झाडे होती, कोणाची देवळे, कोणाचे क्रूस? तिच्याजवळ बसा, चहा घ्या आणि ऐकलेले लिहून काढा. जाताना काही न्यायचे असेल तर खेळाचा नियम लक्षात ठेवा. जे घेतले त्याच्या तोडीचे किंवा त्याहून चांगले काही ठेवून या: एखादे फळ, औषध आणून देण्याचे वचन, पुढच्या रविवारी पुन्हा येण्याचा शब्द. आणि शब्द दिला तर पाळा.

लिहिलेली पाने धर्मग्रामाच्या कार्यालयात आणून द्या. तिथे एक वही ठेवली आहे. पहिले पान कोरे आहे.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू